हॅश उलटवता येत नाही, म्हणून पासवर्ड सुरक्षित?

नवोदित प्रोग्रामरांना एक सल्ला वारंवार दिला जातो: "पासवर्ड एसएचए-२५६ने हॅश करून ठेवा. हॅश उलटवता येत नाही, त्यामुळे टेबल चोरीला गेले तरी चिंता नाही. अधिक खात्री हवी असेल तर गुप्त सॉल्ट घाला, नाहीतर सरळ एन्क्रिप्ट करा." हॅश म्हणजे पासवर्डवरून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा, एसएचए-२५६ ही तो काढण्याची एक पद्धत, आणि सॉल्ट म्हणजे हॅश काढण्याआधी पासवर्डला जोडलेली यादृच्छिक अक्षरे. हेतू चांगला असला तरी हा सल्ला पाळणाऱ्यांचे वापरकर्ते उघड्यावर पडतात, म्हणून त्याचा सविस्तर प्रतिवाद आवश्यक वाटतो.

हॅश उलटवता येत नाही हे खरे, पण चोराला तो उलटवावा लागतच नाही. तो एकेक अंदाज घेतो, त्याचा हॅश काढतो आणि चोरलेल्या रकान्याशी ताडून पाहतो. एसएचए-२५६ झटपट चालावे अशाच रीतीने बनवलेले आहे. फाइल तपासताना जो गुण, तोच पासवर्डच्या बाबतीत घातक ठरतो. आठ लहान रोमन अक्षरांचे पासवर्ड सुमारे २०,९०० कोटी होतात आणि आजचे एखादे वरच्या दर्जाचे ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १,००० कोटी हॅश सहज काढते, म्हणजे सगळी शक्यता २१ सेकंदांत संपते. शिवाय माणसे पासवर्ड निवडतात ते ओळखीच्या शब्दांतून, त्यामुळे प्रत्यक्षात इतकाही वेळ लागत नाही. २०१२ साली लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले, ते एसएचए-१ या तशाच झटपट चालणाऱ्या जुन्या पद्धतीचे आणि सॉल्टविना होते.

सॉल्ट हवाच, मात्र तो गुप्त असण्याची गरज नाही. १९७९ मध्ये संगणकतज्ज्ञ मॉरिस आणि थॉम्प्सन यांनी युनिक्स या संगणक-प्रणालीसाठी सॉल्टची पद्धत मांडली, तेव्हाही तो हॅशच्या शेजारीच ठेवला जात असे. बीक्रिप्ट या पासवर्डसाठीच्या हॅश-पद्धतीची एखादी नोंद उघडून पाहा: साठ अक्षरांच्या त्या ओळीत आधी आवृत्ती, मग खर्चाचा (म्हणजे हॅश किती संथ करायचा याचा) आकडा, त्यानंतर बावीस अक्षरांचा सॉल्ट आणि शेवटी एकतीस अक्षरांचा हॅश, सारे उघड असते. सॉल्टचे काम एवढेच की दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळे यावेत आणि आधीच तयार केलेले तक्ते निरुपयोगी व्हावेत. एकट्या खात्यावरचा एकेक अंदाज त्याने महाग होत नाही. ते काम बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२आयडीसारख्या मुद्दाम संथ केलेल्या पद्धतींचे आहे.

एन्क्रिप्शनचा सल्ला तर त्याहून वाईट. जे उलगडता येते त्याची किल्ली कुठेतरी असतेच, आणि बहुधा ती त्याच सर्व्हरवर सापडते. २०१३ मध्ये अडोबीचे एन्क्रिप्ट केलेले पासवर्ड फुटले, तेव्हा किल्ली हाती नसतानाही सारखे पासवर्ड सारखेच दिसत होते आणि शेजारी वापरकर्त्यांनी पासवर्ड आठवण्यासाठी लिहिलेल्या खुणा साध्या मजकुरात होत्या. लॉगिनसाठी फक्त पडताळणी लागते. मूळ पासवर्ड परत मिळवण्याची गरज कोणालाही नसते.

संथ हॅशने लॉगिन रेंगाळेल ही भीतीही अनाठायी आहे, कारण लॉगिन करताना पाव सेकंदाचा विलंब माणसाला खटकत नाही. आर्गॉन२आयडीसाठी किमान १९ मेबीबाइट मेमरी आणि दोन फेऱ्या ही ओवास्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेची शिफारस चांगली सुरुवात आहे.

जुने टेबल हाती असेल तर वापरकर्त्यांच्या पुढच्या लॉगिनची वाट पाहत बसू नका. आहे तो हॅशच आर्गॉन२आयडीमधून काढून आजच साठवा, जुना रकाना, त्याच्या बॅकअपमधल्या प्रतींसकट, पुसा आणि जो जसा लॉगिन करील तशी त्याची नोंद थेट पासवर्डवरून नव्याने करा.