एक महिना, सहा महिने आणि लिस्बनची नोंद

गोव्यात पोर्तुगीज पासपोर्टाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "आमचे आजोबा पोर्तुगीजच होते, मी नवं काय घेतलं?" हा युक्तिवाद लिस्बनमध्ये चालतो, दिल्लीत नाही. याचं मूळ 1962 सालच्या एका छोट्या आदेशात आहे, आणि तो मुळातून वाचलेली माणसं फार कमी भेटतात.

नागरिकत्व कायदा 1955 च्या कलम 7 प्रमाणे, नवा प्रदेश भारतात आला की तिथल्या कुणाला नागरिक मानायचं हे केंद्र सरकार राजपत्रातून ठरवतं. 28 मार्च 1962 चा गोवा, दमण आणि दीव (नागरिकत्व) आदेश हा त्यातलाच. तुम्ही, तुमच्या आईवडिलांपैकी एक किंवा चार आजी-आजोबांपैकी एक जरी 20 डिसेंबर 1961 पूर्वी त्या प्रदेशात जन्मलेलं असेल, तर त्या तारखेपासून तुम्ही भारतीय. अर्ज नाही, शपथ नाही. पूर्वीचंच राष्ट्रीयत्व ठेवायचं असेल तर आदेश प्रसिद्ध झाल्यापासून एका महिन्यात प्रशासकाकडे तसं लेखी द्यायचं. गप्प राहिला तो भारतीय.

गप्प राहणाऱ्याला भारतीय धरलं हे योग्यच झालं. नाहीतर सगळा गोवा आपल्याच घरात परका ठरला असता. पण महिनाभराची मुदत मला आजही अन्यायाची वाटते. त्याच वर्षी 16 ऑगस्टला पुदुच्चेरी आणि इतर फ्रेंच वसाहती भारताकडे देणारा करार अमलात आला. तिथे सहा महिने मिळाले. शिवाय तिथे जन्मलेले पण भारत आणि त्या वसाहतींबाहेर स्थायिक झालेले लोक आपोआप फ्रेंचच राहिले, भारतीय व्हायचं तर त्यांनी अर्ज करायचा. म्हणजे नियम बरोबर उलटा. कारण सरळ आहे: तिथे फ्रान्स वाटाघाटीला बसला होता. पोर्तुगालने मात्र गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व 1974 च्या अखेरीस मान्य केलं. 1962 साली समोर बोलायला कुणी नव्हतंच, दिल्लीने एकतर्फी लिहिलं.

ज्यांनी तो कागद दिला त्यांचं काय झालं, हे फादर मोंतेरो यांच्या खटल्यात दिसतं. त्यांनी पोर्तुगीज राष्ट्रीयत्व राखलं आणि तात्पुरत्या परवान्यावर गोव्यात राहिले. परवाना 13 नोव्हेंबर 1964 ला संपला. त्यांनी मुदतवाढ मागितली नाही आणि देश सोडण्याचा आदेशही पाळला नाही, म्हणून परकीय नागरिक कायद्याखाली खटला झाला. गोवा हा युद्धात व्यापलेला प्रदेश आहे, युद्धकाळासाठीचे जिनिव्हा करार मला संरक्षण देतात, असा त्यांचा बचाव होता. 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: प्रदेश भारतात विलीन झाला तेव्हाच लष्करी कब्जा संपला. राष्ट्रीयत्व निवडणं आणि तिथेच राहण्याचा हक्क मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी लिहून घेतली नसेल तर ती नसतेच.

आता लिस्बन. पोर्तुगालच्या दृष्टीने 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगीजच, फक्त त्याचा जन्म तिथल्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात चढवायला हवा. त्यासाठी गोव्यातल्या सिव्हिल रजिस्ट्रारकडून जन्माची 'तेओर', म्हणजे मूळ नोंदीची पूर्ण प्रत काढायची. आधी आजोबा किंवा वडील, मग त्यांचं लग्न, मग तुम्ही, ही साखळी मधे तुटता कामा नये. ती तुटते बहुतेक नावांवरून. जुन्या नोंदीत कामत 'कामोतीं' असतो, प्रभू 'पोरोबो', आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरंच स्पेलिंग. आईवडिलांचं लग्न फक्त देवळात लागलेलं आणि नोंदच नाही, हा दुसरा नेहमीचा खोळंबा.

नोंद चढली की नागरिक कार्ड, मग पासपोर्ट. पण भारताच्या हिशेबी 1962 ला गप्प राहिलेलं घर भारतीय झालेलं असतं. त्यामुळे नंतर काढलेला परदेशी पासपोर्ट म्हणजे कलम 9 खाली स्वेच्छेने घेतलेलं नवं राष्ट्रीयत्व, आणि नियमांनुसार तो त्याचा निर्णायक पुरावा. त्याबरोबर भारतीय नागरिकत्व संपतं. जन्मनोंद झाली, पासपोर्ट काढला नाही, ही खरी वादाची जागा. तिथे एजंटाच्या "काही होत नाही" या शब्दाला किंमत नाही, निर्णय केंद्र सरकारचा असतो. पासपोर्ट हातात आला की भारतीय पासपोर्ट परत करायचा, मतदार यादीतून नाव काढायचं आणि ओसीआयसाठी, म्हणजे मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना भारत देतो त्या कार्डासाठी, अर्ज करायचा.

ओसीआयच्या कलमात 15 ऑगस्ट 1947 नंतर भारतात आलेल्या प्रदेशातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या मुला-नातवंडांसाठी वेगळी तरतूद आहे. म्हणजे 1962 साली आजोबांनी तो कागद दिला असला, घर कधी भारतीय झालंच नसलं, तरी नातवाला ओसीआय मिळू शकतं. मत मात्र नाही. वारसाने आलेलं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) ठेवता येतं, नवं विकत घेता येत नाही.