बहुमत मिळालं म्हणजे घटना हातात आली का?

लिखित राज्यघटना भक्कम असली की लोकशाही सुरक्षित राहते, असा मुद्दा एका लेखात वाचला; तो मला अपुरा वाटतो. हंगेरीत २०१० साली तोवर विरोधात असलेल्या आघाडीला जेमतेम ५३ टक्के मतांवर संसदेत दोनतृतीयांश जागा मिळाल्या आणि २०१२ पासून नवी राज्यघटनाच लागू झाली. न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७० वरून थेट ६२ वर आणलं. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं खरं, पण तोवर बऱ्याच जागा भरल्याही गेल्या होत्या. हे सगळं मतदान घेऊन, कायदे करून झालं, याचीच मला जास्त धास्ती वाटते. घटना बदलायला एकाच संसदेचं बहुमत पुरता कामा नये. स्वीडनमध्ये घटनादुरुस्ती दोनदा मंजूर व्हावी लागते, मध्ये सार्वत्रिक निवडणूक होऊन. अशी अट सगळीकडे हवी.