निर्णय साहेबांचा, आकडे तुमचे

पुण्याहून एमबीए करून तुम्ही गावाकडे परतलात आणि देवगडकडच्या एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात चिकटलात. अभिनंदन. नेमणूकपत्रात काम लिहिलंय, 'व्यवस्थापनास तर्कशुद्ध निर्णय घेण्यास साहाय्य करणे.' घाबरून जाऊ नका. निर्णय आधीच झालेला असतो, बहुधा रविवारी, सुरमईच्या ताटावर, साहेबांच्या मेव्हण्याच्या साक्षीने. तुमचं काम सोमवारी सुरू होतं. एक्सेल उघडण्याआधी नम्रपणे विचारा, "साहेब, उत्तर किती यायला हवं?" हे न विचारता हिशेब मांडणारी पोरं पुढचा हंगाम बघत नाहीत.

कॉलेजात तुम्हाला हर्बर्ट सायमन शिकवला असेल. माणसाला सगळे पर्याय ठाऊक नसतात, सगळे परिणाम मोजताही येत नाहीत, म्हणून बऱ्यापैकी चालेलसं काही सापडलं की तो शोध थांबवतो, असं त्याने मांडलं. 1978 साली त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. साहेबांना हे जरूर ऐकवा, खूश होतील. फक्त सायमनचा माणूस थांबण्यापूर्वी थोडीफार शोधाशोध करतो, तेवढं गाळा. आपल्याकडे मेव्हण्याचं कोटेशन पहिलं येतं आणि दुसऱ्याची वाट कुणी बघत नाही.

आता खरेदी. मे महिन्यात गेटबाहेर टेम्पोंची रांग लागते. हापूस वरून कितीही देखणा असो, आतला साका, म्हणजे गराचा पांढरट, स्पंजासारखा बिघडलेला भाग, कापल्याशिवाय कळत नाही. म्हणजे शहाणपणाची रीत अशी की वरच्या, मधल्या आणि तळाच्या क्रेटमधून थोडी थोडी फळं काढायची, चिरायची, साक्याची किती निघाली ते मोजायचं आणि मग दर बोलायचा. फार वेळही लागत नाही. पण तेवढ्यात साहेब स्वतः येतात. सगळ्यात वरच्या क्रेटमधला एकच आंबा उचलतात, देठापाशी हुंगतात, अंगठ्याने दाबतात, ढगांकडे बघतात आणि दर सांगून टाकतात. शेतकरी गप्प, ड्रायव्हर गप्प. तुम्हीही सुरी खिशात ठेवा. आंबा हुंगला की दर समजतो, यावर या खात्याची श्रद्धा आहे आणि तुम्ही प्रोबेशनवर आहात.

खरं तर तो दर आंब्यातून येतच नाही. सकाळी दलालाने फोनवर जो आकडा टाकला, त्याच्याच आजूबाजूला तो घुटमळत असतो. ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली एक प्रयोग छापला. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं, ते मुद्दाम 10 किंवा 65 वरच थांबेल असं केलेलं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? 10 पाहिलेल्यांचा अंदाज 25 च्या आसपास, 65 पाहिलेल्यांचा 45 च्या. चक्राचा आफ्रिकेशी काडीचा संबंध नव्हता. आपल्या दलालाचा आंब्याशी संबंध तरी आहे. म्हणून त्याच्या आकड्याला रजिस्टरात 'बाजार सर्वेक्षण' म्हणा.

मीटिंगची मात्र तयारी हवी. विषय समजा कोल्ड स्टोरेजच्या नव्या शेडचा आहे. साहेब प्रस्ताव मांडतील तो देवळातल्या गाऱ्हाण्याच्या सुरात, आणि प्रत्येक वाक्यानंतर प्रॉडक्शन, परचेस, अकाउंट्स एका तालात "व्हय म्हाराजा!" म्हणतील. आयर्विंग जॅनिस या मानसशास्त्रज्ञाने 1972 साली यावर पुस्तक लिहिलं, एकजिनसी मंडळी एकमेकांना न दुखावता कशी खड्ड्यात जातात त्यावर. देवळात कौल लावतात, म्हणजे मूर्तीला डावी-उजवीकडे कळे चिकटवून कुठला पडतो ते बघतात (उजवा म्हणजे होकार, डावा म्हणजे नकार), तिथे निदान प्रश्न आधी विचारतात आणि उत्तर नंतर येतं. डावा कळा पडायचीही सोय असते, आणि तो पडला तर मानकरी मुकाट्याने बेत पुढे ढकलतात. आपल्या मीटिंगमध्ये दोन्ही कळे उजवीकडेच चिकटवून आणलेले असतात. तुमचं पॉवरपॉइंट म्हणजे तो डिंक.

शेडचा पाया घातलाय तो सखल जागेत. तिथे पावसात पाणी भरतं. हे कारखान्यात फक्त बॉयलरवरच्या तात्यांना माहीत आहे, कारण विचारायला त्यांच्याकडे कुणी जात नाही. गेटसमोरच्या टपरीवर मात्र ते रोज सांगतात, "हयसर ढोपरभर पाणी भरता, शेड कित्याक घालतत?" गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 2007 साली एक युक्ती लिहिली होती. काम सुरू करण्याआधीच समजायचं की वर्षभराने ते साफ फसलंय, आणि का फसलं ते प्रत्येकाने कागदावर लिहायचं. हे कारखान्याच्या आत चुकूनही काढू नका. चहाच्या पैशांत टपरीवर रोज संध्याकाळी होतंच आहे ते.

आणि पाणी भरलंच, तर? तर सांगायचं, एवढा पैसा घातलाय, आता मागे कसं फिरणार. ब्रिटन आणि फ्रान्सने 1962 साली कॉंकॉर्ड विमान बनवण्याचा करार केला, पुढे खर्च फुगत गेला तरी दोघांनी तो नाद सोडला नाही. मोठमोठी राष्ट्रं जिथे मागे फिरली नाहीत तिथे आपल्या तालुक्याने का फिरावं? प्लिंथ फूटभर उचला, पंप बसवा. पंपाचं कोटेशनही मेव्हण्याकडूनच येईल.

राहता राहिला वार्षिक अहवाल. तो जूनपर्यंत थांबवू नका, एप्रिलमध्येच दोन फायली करून ठेवा. एकीवर 'नेतृत्वाची दूरदृष्टी' लिहा, दुसरीवर 'अवकाळी व वादळ'. दुसरी लिहायला सोपी, मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याने गेलं तेव्हाचे बागांचे फोटो सगळ्यांकडे आहेत. तेव्हाचं नुकसान खरंच होतं, त्यामुळे त्या फोटोंवर शंका कुणी घेत नाही. दोन्हींवर साहेबांची सही आत्ताच घ्या. तारखेची जागा मोकळी सोडा, आणि जी फाईल लागणार नाही ती बॉयलरमध्ये टाकायला तात्यांकडे द्या.