बिघाड पाइपात होता आणि आम्ही पाइप पाहिलाच नाही

नमस्कार.

तुम्ही आमच्या दुकानाला रिव्ह्यूमध्ये एक तारा दिलात आणि त्याखाली सगळी हकीकत लिहिलीत. इतरांना कळावं म्हणून ती आधी थोडक्यात सांगतो. तुमचं २५ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन, नीट चालत नव्हतं म्हणून आमच्याकडे आणलंत. आम्ही कार्बोरेटर साफ केला, दोन्ही प्लग बदलले, पाण्याच्या पिंपात चालवून दाखवलं आणि पैसे घेतले. तिसऱ्या दिवशी पाण्यात फुल रेस दिल्यावर दहा मिनिटांत इंजिनाने दम सोडला. तुम्ही परत आलात. आम्ही पुन्हा पिंपातच चालवलं, 'काही दोष नाही' म्हणून परत पाठवलं, आणि वर आमच्या एका मुलाने 'मशीन जुनं आहे, आता असंच चालायचं' असं ऐकवलं. शेवटी दुसऱ्या मेकॅनिकने पेट्रोलचा पाइप बदलला आणि इंजिन सुरळीत झालं. मधल्या काळात एकदा तुम्हाला लेकासोबत वाऱ्याविरुद्ध वल्ही मारत काठ गाठावा लागला.

ते वल्ही मारण्याचं वाचलं आणि मी तुमच्या कामाची पावती काढून बसलो. मुख्य मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. चूक आमची आहे.

तुम्ही फक्त इंजिन उतरवून आणलं होतंत. टाकी आणि पाइप होडीतच राहिले होते, आणि आम्ही ते मागितले नाहीत. दुकानातली टाकी लावली, दुकानातला पाइप जोडला, इंजिन चाललं. म्हणजे ज्या वस्तूत दोष होता तेवढीच बाजूला ठेवून आम्ही बाकी सगळं तपासलं. दुसऱ्या खेपेलाही तेच. चुकीच्या पद्धतीने दोनदा तपासलं म्हणून खात्री दुप्पट होत नाही, हे मला त्या दिवशीच सुचायला हवं होतं.

दुसरी चूक पिंपाची. पिंपात इंजिन सुरू कसं होतं, स्लोवर कसं बसतं, पाण्याची धार कशी येते हे छान कळतं. पण तिथे फुल रेस देऊन काही उपयोग नसतो. पंखा तेवढंच पाणी घुसळत राहतो, पाण्यात हवा मिसळते आणि पंख्यावर होडी ढकलण्याचा भार येतच नाही. तुमच्या ताकदीच्या टू-स्ट्रोक इंजिनाला फुल रेसवर तासाला साधारण १० लिटर पेट्रोल लागतं, स्लोवर त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. अर्धा बुजलेला पाइपही स्लोवर इंजिनाला पोसू शकतो. आम्ही त्याला कधी जास्त मागितलंच नाही, मग तो उघडा कसा पडणार?

आता पाइपाबद्दल, कारण जुनं आउटबोर्ड वापरणाऱ्या प्रत्येकाने हे जाणून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. पेट्रोलचा पाइप बाहेरून एकसंध दिसतो, पण बऱ्याच पाइपांना आत वेगळं अस्तर असतं. वर्षं गेली, उन्हात तापला, त्यात एथेनॉल मिसळलेलं पेट्रोल वाहत राहिलं, की हे अस्तर बाहेरच्या रबरापासून सुटू लागतं. बाहेरून हात फिरवा, वाकवून पाहा, काही कळणार नाही. इंजिन हळू चालतंय तोवर ओढ कमी असते आणि पेट्रोल जात राहतं. रेस वाढवली की पंप जोराने ओढतो, सुटलेलं अस्तर आतल्या आत चिकटतं आणि वाट बंद होते. कार्बोरेटरच्या वाटीत जेवढं पेट्रोल शिल्लक असतं आणि जेवढं झिरपून येतं, तेवढ्यावर इंजिन थोडा वेळ पळतं, मग गुदमरतं. तुम्ही थांबता, ओढ संपते, अस्तर परत उघडतं, पेट्रोल पुढे सरकतं. पाच-दहा मिनिटांनी दोरी ओढली की इंजिन असं सुरू होतं जणू काही झालंच नव्हतं.

तुमच्या दुसऱ्या खेपेच्या पावतीवर आमच्याच अक्षरात लिहिलंय: 'गरम झाल्यावर बंद, थोड्या वेळाने चालू.' हे वाचून आमचं डोकं थेट करंटकडे, म्हणजे प्लगच्या ठिणगीकडे गेलं. त्याला कारण आहे. या वयाच्या सीडीआय इंजिनांत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डब्यातून ठिणगी मिळणाऱ्या इंजिनांत, कॉइल किंवा सीडीआयचा डबा तापला की करंट तुटतो आणि गार झाला की परत येतो. तक्रार शब्दाशब्दाने अशीच असते. म्हणून आम्ही कॉइल तापवून पाहिली, दोन्ही सिलिंडरचा करंट बघितला, तो चोख होता, आणि विषय मिटला असं समजलो. पण तुम्ही आणखी एक गोष्ट सांगितली होतीत, जी आम्ही लिहून घेतली नाही: हळू चालवलं तर दिवसभर काही त्रास नाही. तापून बिघडणारी कॉइल एकदा तापली की सहसा स्लोवरही मिसिंग करते. तुमचं इंजिन फक्त जास्त पेट्रोल मागताना थांबत होतं. उत्तर तुम्ही स्वतःच आमच्या हातात दिलं होतं.

या दोन बिघाडांतला फरक ओळखायला हत्यार लागत नाही. सुकाणू दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्या, फुल रेसवर चालवा, आणि इंजिन दम टाकू लागलं की पाइपातला रबरी बल्ब हाताने भराभर दाबा. इंजिनाने लगेच पुन्हा जोर धरला तर दोष पेट्रोल येण्याच्या वाटेत आहे: टाकी, पाइप, बल्बातले व्हॉल्व्ह, जोडणी किंवा इंजिनावरचा पेट्रोल पंप. दाबूनही काही फरक पडला नाही तर करंटकडे वळा, किंवा कार्बोरेटर उघडा. त्याच वेळी बल्बाकडे नीट पाहा. तो चपटा होऊन आत ओढला गेला असेल तर अडथळा बल्ब आणि टाकीच्या मध्ये आहे. सगळ्यात आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का बघा. तो बंद राहिला तरी अगदी हीच लक्षणं दिसतात आणि माणूस उगाच इंजिन खोलून बसतो. बल्ब कितीही दाबला तरी घट्ट होत नसेल तर कुठून तरी हवा शिरते आहे, बहुधा जोडणीतल्या रबरी रिंगेतून, नाहीतर बल्बातला व्हॉल्व्ह गेलाय. बल्बावरचा बाण इंजिनाकडे हवा, आणि दाबताना बल्ब उभा, बाण वर करून धरावा.

ही तपासणी आम्ही तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितली असती तर तुमच्या लेकाला ती वल्ही मारावी लागली नसती. याचं मला वाईट वाटतं.

एका गोष्टीवर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही, आणि तेही इथेच लिहितो. 'कार्बोरेटर साफ करणं आणि प्लग बदलणं हे निव्वळ बिल वाढवायला केलं' असं तुम्ही म्हणालात. तसं नाही. इंजिन आलं तेव्हा ते स्लोवर टिकतच नव्हतं. एकेका प्लगची टोपी काढून, वायर अर्थिंगला लावून पाहिलं. खालच्या सिलिंडरची टोपी काढली तर इंजिन लगेच बसलं, वरच्याची काढली तर काहीच फरक पडला नाही. म्हणजे स्लोवर वरचा सिलिंडर कामच करत नव्हता. त्याचा प्लग काळा आणि ओला निघाला, खालचा कोरडा, विटकरी. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, दोन्हीकडे जवळजवळ सारखं भरलं, दहा टक्क्यांच्याही आतला फरक, म्हणून रिंगा आणि हेड गॅस्केटची शंका संपली. कार्बोरेटर उघडला तर वाटीच्या तळाला शिळ्या पेट्रोलचा चिकट थर होता आणि स्लोच्या जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकातून, उजेड दिसत नव्हता. ते साफ करून प्लग बदलल्यावर स्लो बसला, आणि दुसऱ्या मेकॅनिकने पाइप बदलल्यावर तुम्हाला जे सुरळीत इंजिन मिळालं त्यात या कामाचाही वाटा आहे. तुमच्या इंजिनात दोन बिघाड होते. आम्ही एक काढला आणि दुसरा तिथेच ठेवून काम पूर्ण झालं असं सांगितलं.

'मशीन जुनं आहे' या वाक्याबद्दल मी त्या मुलाशी बोललो आहे, आणि तुमची माफी मागतो. जुनं असणं हा बिघाड नाही. ज्याचं कॉम्प्रेशन चांगलं आहे, करंट चोख आहे, पाण्याची धार जोरात येते, ते टू-स्ट्रोक कितीही वर्षांचं असलं तरी त्याने नीट चालायलाच हवं; चालत नसेल तर त्याला कारण आहे, आणि ते शोधणं हेच आमचं काम. मी हा धंदा धरला तोच मुळी अशी इंजिनं लोकांनी भंगारात टाकू नयेत म्हणून. ते वाक्य माझ्या दुकानात बोललं गेलं याची बोच मला तुमच्या एका ताऱ्यापेक्षा जास्त आहे.

आता एक काळजीची गोष्ट. तुमच्या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातूनच जातं. ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल म्हणजे लिटरमागे २० मिलि, आणि पिस्टन व बेअरिंगांना मिळणारं वंगण तेवढंच. पेट्रोल कमी पोहोचलं की ऑइलही कमी पोहोचतं, आणि मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाल्यामुळे पिस्टन जास्त तापतो तो वेगळाच. तुम्ही ते इंजिन काही दिवस तशा अवस्थेत फुल रेसवर चालवलं आहे, आमच्या 'काही दोष नाही' या शब्दावर विश्वास ठेवून. म्हणून ते एकदा आणा. प्लगचा रंग पाहू, पुन्हा कॉम्प्रेशन घेऊ आणि पहिल्या आकड्यांशी ताडून बघू. प्लगचं टोक पांढरं पडलेलं दिसलं किंवा एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन उतरलेलं निघालं तर पिस्टनवर ओरखडे आहेत का तेही पाहू. याचे पैसे नाहीत. दुसऱ्या खेपेची मजुरी मी परत करतो आहे. पहिल्या खेपेची ठेवतो, कारण ते काम खरंच झालं होतं.

पेट्रोल पंपही बघायचा आहे. त्यातला पातळ पडदा पाइपाइतकाच जुना असणार, आणि जे पेट्रोल पाइपाला सोसलं नाही ते पडद्याला तरी किती सोसलं असेल? हा पडदा क्रँककेसमधल्या, म्हणजे पिस्टनमागच्या बंद कप्प्यातल्या, दाबाच्या चढउतारावर हलतो. त्याला बारीकसं भोक पडलं तरी पंप अशक्त होतो, शिवाय कच्चं पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये शिरतं आणि एक सिलिंडर विनाकारण ओला राहू लागतो. वरचा प्लग ओला होता तो यामुळे का, हे मला पंप उघडून बघायचंय. तेव्हा उघडला नाही, उघडायला हवा होता.

तुमच्या तक्रारीनंतर दुकानात काय बदललं तेही सांगतो. इंजिनासोबत टाकी आणि पाइप आल्याशिवाय आम्ही काम घेत नाही. पावतीवर आता गार की गरम, स्लो की फुल, एकटे की माणसं-सामान भरलेली होडी, हे तिन्ही विचारून गिऱ्हाइकाच्या शब्दांत लिहितो. आणि जी तक्रार फुल रेसची आहे तिचं इंजिन पाण्यात, होडीवर लावून, चालवून पाहिल्याखेरीज परत देत नाही. तुमचं इंजिन आणलंत की मी स्वतः तुमच्यासोबत पाण्यात येईन. पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडू, म्हणजे हवेचे बुडबुडे येतात का ते तुमच्या डोळ्यांना दिसेल, आणि पंपाची ओढ मोजायचं घड्याळही (व्हॅक्यूम गेज) लावू.

येताना तो जुना पाइप फेकला नसेल तर आणा. तो उभा चिरून आमच्या मुलांना दाखवायचा आहे.