दुसरी फळी पोकळ नव्हती

१८ जानेवारी २०२५ रोजी प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) सामन्यात डेट्रॉईट लायन्स घरच्या मैदानावर वॉशिंग्टन कमांडर्सकडून ४५-३१ असे हरले. तेव्हापासून एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या, चाहत्यांमध्ये एक निकाल पक्का झाल्यासारखा फिरतोय: लायन्सकडे डेप्थ (राखीव खेळाडूंची ताकद) नव्हती, पहिल्या फळीत हिरे होते आणि मागे खोगीरभरती, दुखापती झाल्या आणि पितळ उघडं पडलं. हे मला पटत नाही. २०२४ चा तो हंगाम मी पहिल्या आठवड्यापासून पाहिलाय आणि राखीव खेळाडूंवर या वाक्याने अन्याय होतो, असं मला मनापासून वाटतं.

पहिला दावा असा, की दुखापती झाल्या आणि संघ कोसळला. तारखा बघा. १३ ऑक्टोबरला डॅलसमध्ये एडन हचिन्सनचा पाय मोडला. पाच सामन्यांत साडेसात सॅक (चेंडू फेकायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं) घेतलेला हा माणूस म्हणजे त्या डिफेन्सचा कणा. तो गेला तेव्हा लायन्सचे ४ विजय आणि १ पराभव होता. प्लेऑफआधीचा नियमित हंगाम संपला तेव्हा १५ आणि २. म्हणजे त्याच्याशिवाय खेळलेल्या १२ सामन्यांपैकी ११ जिंकले. हरले ते एकटे बफेलोविरुद्ध, ४८-४२, १५ डिसेंबरला. त्याच सामन्यात डिफेन्समधल्या अलीम मॅकनीलचा गुडघा गेला, कार्लटन डेव्हिसचा जबडा मोडला आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) डेव्हिड मॉन्टगोमरीही जखमी झाला. त्यानंतर? शिकागोला हरवलं, सॅन फ्रान्सिस्कोला हरवलं आणि शेवटच्या आठवड्यात मिनेसोटाला ३१-९. दोन्ही संघ १४-२ वर होते, पहिलं मानांकन पणाला लागलं होतं, आणि मिनेसोटाला एकही टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेणं) करता आला नाही. मॉन्टगोमरी बाहेर होता, तर दुसरा रनिंग बॅक जमीर गिब्जने एकट्याने ४ टचडाउन केले. पितळ उघडं पडायचं असतं तर ते त्या रात्री पडलं असतं.

दुसरा दावा: हचिन्सनच्या मागे त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. बरोबर आहे, नव्हता. पण तो कोणत्या संघाकडे असतो? २०२४ मध्ये प्रत्येक संघाला पगारासाठी २५ कोटी ५४ लाख डॉलरची मर्यादा होती, डेट्रॉईटलाही आणि इतर ३१ संघांनाही. ५३ जणांचा रोस्टर (नोंदलेला संघ), त्यातून सामन्याच्या दिवशी फार तर ४८ जण सज्ज. या चौकटीत पहिल्या दर्जाचा खेळाडू बाकावर बसवून ठेवणं परवडत नाही. म्हणून डेप्थ मोजायची ती ‘राखीव खेळाडू स्टार्टरइतका चांगला आहे का’ या प्रश्नाने नाही. तो आल्यावर खेळ किती खाली येतो आणि प्रशिक्षकाला किती डावपेच बदलावे लागतात, हे बघायचं. ऑगस्टमध्ये डेप्थ चार्टवर (प्रत्येक जागेसाठीच्या खेळाडूंच्या क्रमवार यादीत) दुसऱ्या ओळीत ओळखीची नावं दिसली की लोक खूश होतात. त्या नावांनी डिसेंबरमध्ये काय केलं, हे मात्र फार थोडे जण तपासतात.

काहींचं म्हणणं असं, की खरी डेप्थ म्हणजे चांगला बॅकअप क्वार्टरबॅक, बाकी सगळं दुय्यम. दाखला ठरलेला: फिलाडेल्फिया ईगल्स, २०१७, निक फोल्स. डिसेंबरमध्ये कार्सन वेंट्झचा गुडघा गेला आणि फोल्सने न्यू इंग्लंडविरुद्ध सुपर बोल ४१-३३ ने जिंकून दिला, हे खरंच. पण त्याच संघाचा लेफ्ट टॅकल (क्वार्टरबॅकची राखण करणारा) जेसन पीटर्स ऑक्टोबरमध्येच बाहेर गेला होता. त्याच्या जागी हालापूलिव्हाती वायताई उभा राहिला नसता, तर फोल्सला चेंडू फेकायला वेळ कुठून मिळाला असता? किकर जखमी झाला तेव्हा सिनसिनाटीच्या प्रॅक्टिस स्क्वॉडमधून (सराव संघातून) जेक इलियटला उचललं आणि त्याने सप्टेंबरमध्येच जायंट्सविरुद्ध ६१ यार्डांवरून चेंडू मारून सामना जिंकून दिला. शेवटी सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंडचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या हातून चेंडू पाडला तो ब्रँडन ग्रॅहमने, सामन्याची दोनेक मिनिटं उरलेली असताना. फिलाडेल्फिया डिफेन्सिव्ह लाइन (बचावाची सर्वांत पुढची रांग) हंगामभर आलटून पालटून खेळवत होती, म्हणून शेवटच्या क्वार्टरलाही त्या माणसांच्या पायात जोर होता. मला विचाराल तर त्या संघाची डेप्थ तिथे होती. फोल्स हे तिचं सगळ्यात ठळक दिसलेलं टोक.

आता तो कमांडर्सचा सामना. लायन्सनी ५२१ यार्ड काढले आणि चेंडू ५ वेळा गमावला. क्वार्टरबॅक जॅरेड गॉफची ३ इंटरसेप्शन (विरुद्ध संघाने पकडलेले पास), शिवाय त्याच्या हातून निसटलेला एक फंबल. आणखी एक इंटरसेप्शन तर रिसीव्हर (पास झेलणारा) जेमसन विल्यम्सने फेकलेल्या चेंडूचं, तेही सामना अजून हातात असताना आखलेल्या एका चलाख डावात. गॉफचा एक चेंडू क्वान मार्टिनने पकडून ४० यार्ड पळत थेट टचडाउन केला. म्हणजे ४५ गुणांपैकी एक टचडाउन डिफेन्स मैदानात नसतानाच लागला. गॉफ पहिल्या फळीतला. विल्यम्स पहिल्या फळीतला. वॉशिंग्टनने चेंडू एकदाही सोडला नाही. चेंडू गमावण्यात पाच-शून्य असं मागे पडून प्लेऑफ क्वचितच कोणी जिंकतं, मग मागे कितीही चांगली माणसं असोत. त्या रात्रीचा दोष राखीव खेळाडूंच्या माथी मारणं साफ चूक आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, कारण ती खरी आहे. एजवर (डिफेन्सिव्ह लाइनच्या टोकाला) लायन्स हचिन्सन गेल्यापासून उणेच होते. नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलँडकडून झॅडेरियस स्मिथला आणलं, तरी पुढच्या चौघांच्या जोरावर क्वार्टरबॅकला गाठणं त्यांना जमत नव्हतं. म्हणून संरक्षण प्रशिक्षक ॲरन ग्लेन वारंवार जादा माणसं पुढे धाडायचे. मिनेसोटाविरुद्ध ते जमून गेलं. वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्सने मात्र तोच डाव उलटवला: माणसं पुढे आली की मागे मोकळी झालेली जागा त्याला लगेच दिसायची. २९९ यार्ड, २ टचडाउन, एकही इंटरसेप्शन नाही. त्यातच वॉशिंग्टनच्या पहिल्याच ड्राइव्हवर (चढाईवर) कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा) अमिक रॉबर्टसनचा हात मोडला. एजवरचा हा खड्डा खराच होता आणि तो भरला गेला नाही. पण तो एका जागेवरचा खड्डा. त्याच्यावर बोट ठेवा, मी सोबत आहे. ‘डेप्थच नव्हती’ म्हणालात, तर ११ विजयांत खेळलेल्या त्या साऱ्या राखीव खेळाडूंचं काय करायचं, ते आधी सांगा.