मृत्युपत्राच्या आधीचे दिवस

'मृत्युपत्र केलं की निम्मी तयारी झाली' हे मरणाच्या तयारीवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. मृत्युपत्र उघडतं ते माणूस गेल्यावर. त्याआधी शुद्ध हरपलेली असते आणि निर्णय दुसऱ्यांनी घ्यायचे असतात, त्या दिवसांबद्दल लेखात एक ओळही नाही. आमच्या मावशीचं मृत्युपत्र चोख होतं, दागिन्यांची वाटणीसुद्धा लिहिलेली. पण व्हेंटिलेटर लावायचा का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा दोन्ही मुलं नुसती एकमेकांकडे बघत राहिली. शेवटी थोरल्याने सही केली. धाकटा आजही त्याच्याशी धड बोलत नाही.

व्हेंटिलेटर, अन्नासाठी नाकातली नळी, हृदय थांबल्यावर छाती दाबणं (थकल्या शरीरात त्याने बरगड्याही मोडतात) यातलं काय हवं, काय नको आणि आपल्या वतीने कोण बोलणार, हे धडधाकट असतानाच लिहून घरच्यांना वाचून दाखवायला हवं. अखेरच्या दिवसांत भूक-तहान आपोआप मंदावते, हेही सांगून ठेवावं. नाहीतर 'आपण उपाशी ठेवलं' हा सल मागच्यांना जन्मभर छळतो. आणि यंत्रं नकोत म्हणजे तडफडत सोडणं नव्हे. ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये हॉस्पिस (अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र) सुरू केलं ते वेदना आटोक्यात ठेवण्यासाठीच. यावर जरूर लिहा.