कलम ४२० गेलं, फसवणुकीचा गुन्हा गेलेला नाही

‘१ जुलै २०२४ पासून ४२० रद्द, घराच्या व्यवहारात फसलात तर आता पोलीस तक्रारच घेणार नाहीत, फक्त दिवाणी दावा लावायचा’ असा मेसेज लालबाग-परळच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. ‘४२० रद्द’ एवढं सोडलं तर बाकी सगळं चूक.

भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात कलमंच ३५८, मग ४२० येणार कुठून? तोच गुन्हा आता कलम ३१८(४) मध्ये आहे: सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तो नोंदवू शकतात; आणि अजामीनपात्र, म्हणजे जामीन हक्काने मिळत नाही. १ जुलैआधी घडलेल्या फसवणुकीला जुनं ४२०च लागतं.

गोंधळ होतो तो हेतूपाशी. बिल्डरने ताबा लांबवला, एवढ्याने फसवणूक होत नाही. त्यासाठी महारेरा, म्हणजे राज्याचं बांधकाम प्रकल्पांवरचं नियामक प्राधिकरण, आहे; तिथे व्याज किंवा पैसे परत मागता येतात. पण चाळीतली खोली एकाला विकून, तेच कागद दाखवून दुसऱ्याकडून टोकन घेतलं, तर पैसे घेतानाच मनात खोट होती. सर्वोच्च न्यायालय वर्षानुवर्षं हेच विचारत आलंय: खोट सुरुवातीपासून होती का? कागद बनावट असतील तर खोट्या दस्तऐवजाची कलमंही लागतात, आणि त्यातली काही अधिक कडक आहेत.

दिवाणी दावा लावला म्हणून फौजदारी तक्रार बंद होत नाही. ‘हे सिव्हिल मॅटर आहे’ असं ठाण्यात ऐकावं लागतं, कधी ते बरोबरही असतं. म्हणून तक्रारीत नुसती रक्कम नको. कुठल्या तारखेला, कोणती खोटी गोष्ट सांगून पैसे घेतले, ते लिहा.